नाण्याची झीज आणि कोसंबींची रेषा

दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव बहुतेक मराठी वाचकांना इतिहासकार म्हणून ठाऊक असते. प्राचीन भारताच्या इतिहासाकडे राजांच्या वंशावळीऐवजी नांगर, धान्य, व्यापारी वाटा आणि हत्यारे यांच्या अंगाने पाहायला त्यांनी शिकवले. पण कोसंबी पेशाने गणिती होते. आयुष्यभर त्यांनी पगार घेतला तो गणित शिकवण्याचा आणि गणितातल्या संशोधनाचा. इतिहासाच्या वाटेवर त्यांना आणले ते हजारो नाणी, एक तराजू आणि शाळेत आपण सगळ्यांनी आलेखाच्या कागदावर काढलेली सरळ रेषा यांनी.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें या गावी झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे थोर अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून त्यांनी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले होते. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. हार्वर्ड विद्यापीठातल्या कामासाठी १९१८ मध्ये ते पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांनाही सोबत घेऊन गेले. दामोदरचे शालेय शिक्षण तिकडेच झाले आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन तो भारतात परतला. गणिताबरोबर ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन अशा भाषांचे भांडारही त्याने सोबत आणले होते.

बनारस आणि अलिगढ येथे काही काळ शिकवल्यावर १९३३ मध्ये कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि बारा वर्षे तिथे राहिले. १९३४ मध्ये रामानुजन स्मृती पारितोषिक पहिल्यांदा देण्यात आले, त्याच्या मानकऱ्यांत ते होते. त्यांचा मूळ विषय भूमिती. पण १९३०चे दशक संपता संपता त्यांना संख्याशास्त्राने ओढून घेतले. कोणतेही शास्त्र पुस्तकातून शिकण्यापेक्षा एखादा खराखुरा प्रश्न हाती घेऊन शिकावे, हा त्यांचा स्वभाव. त्यांनी निवडलेला प्रश्न होता आहत नाण्यांचा.

आहत नाणी ही भारतातली सर्वांत जुनी नाणी. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापायचे, कोपरे छाटून वजन नेमके करायचे आणि त्यांवर सूर्य, डोंगर, झाड, प्राणी अशा खुणांचे ठसे ठोकायचे, अशी त्यांची घडण. त्यांवर राजाचे नाव नसते, सालही नसते. त्यामुळे कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, हे ठरवायचे कसे, यावर अभ्यासकांत नुसता तर्कांचा बाजार भरलेला होता. खुणांचा अर्थ ज्याला जसा लागे, तसा तो लावी. कोसंबींनी खुणांचा अर्थ तूर्त बाजूला ठेवला आणि नाणे काट्यावर ठेवले.

त्यामागचा विचार साधा होता. नाणे हातोहाती फिरते, थैलीत दुसऱ्या नाण्यांवर घासते, मोजताना फरशीवर आपटते. दर वेळी धातूचा अगदी सूक्ष्म कण निघून जातो. म्हणजे नाणे जितके जास्त फिरले, तितके ते हलके झाले. पण हे गृहीत धरून चालणार नव्हते, तपासून पाहायला हवे होते. म्हणून त्यांनी आधी आपल्या काळात चलनात असलेली नाणी घेतली. या नाण्यांवर पाडल्याचे साल असते, त्यामुळे प्रत्येकाचे वय ठाऊक. अशी हजारो नाणी त्यांनी स्वतः, एकेक करून, वजन करून नोंदवली. वर्गवार सरासरी काढल्यावर चित्र स्पष्ट झाले. नाण्यांचे सरासरी वजन वयाबरोबर ठरावीक गतीने, म्हणजे सरळ रेषेत उतरत होते. १९४०च्या सुमारास त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध करायला सुरुवात केली.

इथे त्या रेषेचे दोन भाग नीट समजून घ्यायला हवेत, कारण कोसंबींचे सारे काम त्यांवर उभे आहे. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर वजन घेतले, तर रेषा उभ्या अक्षाला जिथे भेटते तो आकडा म्हणजे आंतरछेद. तो सांगतो काळ शून्य असतानाचे वजन, म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडताना नाणे किती वजनाचे होते ते. आणि एक वर्ष पुढे सरकल्यावर वजन किती बदलले, हे सांगतो तो रेषेचा चढ. इथे वजन घटते, म्हणून चढ ऋण आहे. आपण त्याला उतार म्हणू. पहिला आकडा सुरुवात सांगतो, दुसरा गती. दोघांची एककेही वेगळी. आंतरछेद ग्रॅममध्ये, तर चढ दर वर्षाला किती ग्रॅम असा.

रोजच्या व्यवहारात हे दोन आकडे ओळखताना चूक होते, ती कशी हे पाहू. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे भाडे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे असे ठरले. पनवेल तालुक्यात खारघरमधल्या बेलपाड्याहून कुणी मीटरप्रमाणे चार किलोमीटर गेला असे समजा. भाडे होईल २६ अधिक अडीच किलोमीटरचे सुमारे ४२ रुपये ८५ पैसे, म्हणजे ६९ रुपयांच्या आसपास. या हिशेबातला चढ सहज कळतो, तो आहे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. मग आंतरछेद किती? बहुतेक जण २६ रुपये म्हणतील. पण २६ रुपये हे शून्य अंतराचे भाडे नाही, दीड किलोमीटरचे आहे. पुढची तिरकी रेषा मागे शून्यापर्यंत ओढली, तर ती उभ्या अक्षाला २९ पैशांवर भेटते. थोडक्यात, दीड किलोमीटरच्या पुढे या दरपत्रकात बसण्याचे असे वेगळे पैसे जवळजवळ नाहीतच; सगळे भाडे अंतराचे आहे. रेषा जिथून प्रत्यक्ष सुरू होते ती जागा आणि शून्य ही जागा एकच असते असे नाही, हा यातला धडा.

कोसंबींपुढे नेमकी हीच अडचण होती, आणि ती रिक्षापेक्षा बरीच अवघड होती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नाण्याचे वय कोणाला ठाऊक? आडव्या अक्षावर घ्यायचे काय? याचे उत्तर त्यांना तक्षशिलेच्या साठ्यात सापडले. तिथल्या भीर टेकाडावर १९२४ मध्ये हजाराहून अधिक चांदीच्या नाण्यांचा एक साठा मिळाला होता. प्रत्येक नाण्याचे वजन नोंदवून त्याची यादीही प्रसिद्ध झाली होती. या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर ठळक खुणा होत्या, त्या नाणे पाडणाऱ्यांच्या. मागच्या बाजूवर मात्र बारीक बारीक ठसे होते, कुठे एकही नाही, कुठे एक, कुठे अनेक. कोसंबींनी मागच्या ठशांच्या संख्येप्रमाणे नाण्यांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाचे सरासरी वजन काढले. ठसे वाढत गेले तसतसे सरासरी वजन क्रमाने उतरत गेले.

याचा अर्थ त्यांनी असा लावला की, हे मागचे ठसे सराफांनी किंवा व्यापारी श्रेणींनी नाणे वेळोवेळी पारखून मारलेले आहेत. वाहनाच्या तपासणीचा शिक्का दर काही वर्षांनी पडावा तसे. म्हणजे ठशांची संख्या हे नाण्याचे घड्याळच झाले. आता आडव्या अक्षावर वर्षांऐवजी ठसे आले. या रेषेचा उतार सांगत होता, एका पारखणीपासून दुसरीपर्यंत नाणे सरासरी किती झिजले. आणि आंतरछेद सांगत होता, एकही ठसा नसलेल्या, नव्याकोऱ्या नाण्याचे वजन. ते सुमारे साडेतीन ग्रॅमच्या आसपास येत होते, म्हणजे जुन्या ग्रंथांतल्या बत्तीस गुंजांच्या कार्षापणाच्या जवळपास. हे माप सिंधू संस्कृतीतल्या दगडी वजनांच्या मालिकेत बसते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. ज्या टांकसाळीचा आज मागमूस नाही, तिथे नाणे किती वजनाचे पाडायचे हा नियम झिजलेल्या नाण्यांनी सांगितला होता.

साठा पुरला कधी, हेही कळायला हवे होते. त्याच साठ्यात अलेक्झांडरची आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या फिलिपची ग्रीक नाणी होती, आणि ती जवळजवळ कोरी होती. अलेक्झांडर इसवी सनपूर्व ३२३ मध्ये वारला, फिलिप ३१७ मध्ये मारला गेला. कोरी नाणी फार फिरलेली नसतात, तेव्हा साठा त्यानंतर लवकरच जमिनीत गेला असला पाहिजे. रेषेचे एक टोक असे काळाला बांधले गेले. आता एकाच साठ्यातल्या, एकाच ठरलेल्या वजनाच्या नाण्यांत ज्या गटाचे सरासरी वजन कमी, तो गट आधीचा. दर्शनी खुणांचे गट अशा रीतीने एकामागे एक लावता येऊ लागले. त्यांतला कोणता गट कोणत्या राजाचा, यावर पुढेही वाद होत राहिले. पण क्रम लावण्याची एक पद्धत हाती आली, आणि ती कोणालाही तराजू घेऊन पडताळता येईल अशी होती. नाणकशास्त्रात हे नवीन होते.

या पद्धतीत कुठे फसायला होते, हे पाहण्यासारखे आहे, कारण तेच धोके कुठल्याही रेषेत असतात.

पहिला धोका एकट्या नाण्याचा. रेषा सरासरीची असते. एकाच वर्षी पाडलेल्या दोन नाण्यांपैकी एक बाजारात रोज फिरेल, दुसरे कुणाच्या गाडग्यात पडून राहील. वय वाढते तशी सरासरी झीज वाढते आणि नाण्यानाण्यांतली तफावतही वाढत जाते. म्हणून एक नाणे तोलून त्याचे वय सांगू पाहणारा फसणारच. शेकडो नाण्यांच्या गटाविषयी मात्र खात्रीने बोलता येते.

दुसरा धोका काट्याचा. तराजूच मुळात थोडे कमी वजन दाखवत असेल, किंवा साफ करताना प्रत्येक नाण्यावरचा सारखाच थर निघून गेला असेल, तर काय होईल? सगळी रेषा तेवढीच खाली सरकेल. आंतरछेद चुकेल, चढ मात्र तोच राहील. अशा वेळी टांकसाळीच्या वजनाविषयीचा निष्कर्ष खोटा ठरेल, पण गटांचा क्रम टिकून राहील. कोणती चूक कोणत्या आकड्याला लागते, हे कळले की निम्मे काम झाले.

तिसरा धोका गैरहजर नाण्यांचा. फार हलकी झालेली नाणी लोक नाकारतात, सोनार वितळवतात. साठ्यात मिळतात ती टिकून राहिलेली. त्यामुळे जुन्या गटांची सरासरी असायला हवी त्यापेक्षा थोडी जड दिसू शकते आणि उतार प्रत्यक्षापेक्षा सौम्य वाटतो.

चौथा धोका रेषा वाटेल तितकी लांबवण्याचा. समजा, दर ठशामागे नाणे एक शतांश ग्रॅमने झिजते. मग कागदावर साडेतीनशे ठशांनंतर साडेतीन ग्रॅमच्या नाण्याचे वजन शून्य येईल. पण असे नाणे जगात कधीच नव्हते. त्याच्या कितीतरी आधी ते मुशीत गेलेले असते. मोजमाप जिथवर आहे, तिथवरच रेषेचा शब्द खरा.

सरळ रेषा कुठे संपते याची जाण कोसंबींना किती होती, हे त्यांच्या दुसऱ्या एका कामातून दिसते. ते काम जीवशास्त्रातले आहे आणि आजही वापरात आहे. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट किती वेळा होते यावरून मोजतात. जनुके अगदी जवळ असतील तर हिशेब सरळ आहे. अंतराचे एक एकक म्हणजे शेकडा एक ताटातूट. आंतरछेद शून्य, चढ एक. पण अंतर वाढले की एकाऐवजी अनेक ठिकाणी अदलाबदल होते आणि त्यांपैकी काही एकमेकींना रद्द करतात. त्यामुळे ताटातुटीचे प्रमाण शेकडा पन्नासच्या वर जाऊ शकत नाही. रेषा वाकते. ती कशी वाकते याचे सुटसुटीत सूत्र कोसंबींनी १९४४ मध्ये मांडले. त्यानुसार १० एकके अंतराला ताटातूट शेकडा ९.९ येते, म्हणजे जवळजवळ सरळ रेषाच. २५ एककांना ती २३ वर अडते आणि ५० एककांना अवघी ३८ वर. पिकांच्या आणि माणसांच्या आनुवंशिक रोगांच्या अभ्यासात जनुकांचे नकाशे काढताना हे सूत्र कोसंबींच्याच नावाने वापरले जाते. ते मांडणाऱ्या माणसाकडे तेव्हा जीवशास्त्राची प्रयोगशाळा नव्हती; तो पुण्याच्या महाविद्यालयात गणित शिकवत होता.

१९४५ मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. घर पुण्यात आणि नोकरी मुंबईत, म्हणून डेक्कन क्वीनचा प्रवास हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला. सुट्टीच्या दिवशी पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवत ते अश्मयुगातली दगडी हत्यारे गोळा करत, खेड्यातल्या देवतांची ठाणी पाहत, कार्ल्याच्या लेण्यांतले लेख तपासत. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९५६ मध्ये प्राचीन भारताच्या इतिहासावरचे त्यांचे मोठे इंग्रजी पुस्तक आले आणि इतिहासलेखनाची दिशा बदलली. नाण्यांचा हिशेब त्यातही होताच. मौर्यकाळातल्या नाण्यांत तांब्याची भेसळ वाढलेली आणि वजनातला नेमकेपणा घसरलेला त्यांना दिसला. त्यातून त्यांनी राज्याच्या तिजोरीवरचा ताण वाचला.

माणूस परखड होता. अणुऊर्जेवर भर देण्यापेक्षा भरपूर ऊन असलेल्या देशाने सौरऊर्जेकडे वळावे, असे ते पन्नाशीच्या दशकातच मांडत होते, आणि भाभांच्या संस्थेत राहून मांडत होते. गणितातल्या एका प्रसिद्ध न सुटलेल्या कोड्याची, रीमानच्या गृहीतकाची, सिद्धता मिळाल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये केला. ती टिकली नाही आणि गणितज्ञांत त्यांच्या नावाला धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यानंतरही काम थांबले नाही. १९६६च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एका नामवंत विज्ञान मासिकात त्यांनी नाण्यांच्या शास्त्राविषयी सामान्य वाचकांसाठी लेख लिहिला. त्याच वर्षी २९ जून रोजी पुण्यातल्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५८. २००८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कोसंबींची ही दृष्टी आपल्या घरातही उपयोगी पडते. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात बाळाचे वजन करून तक्त्यावर बिंदू मांडतात, तो आलेख म्हणजे हाच हिशेब उलट्या दिशेने. समजा, एक बाळ जन्मताना २.४ किलोचे होते आणि महिन्याला ८०० ग्रॅमने वाढते आहे. दुसरे जन्मताना ३.२ किलोचे होते, पण महिन्याला ४०० ग्रॅमनेच वाढते आहे. दोन महिन्यांनी दोघांचेही वजन बरोबर ४ किलो भरेल. त्या दिवशीचा आकडा पाहून दोन्ही बाळे सारखीच वाटतील. पण पहिल्याची सुरुवात खालून आहे आणि चढ चांगला. दुसऱ्याची सुरुवात चांगली, पण चढ मंद. तीन महिन्यांनी पहिले ४.८ किलोवर असेल आणि दुसरे ४.४ वर. डॉक्टरांनी काळजीने पाहायचे ते दुसऱ्याकडे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची जास्त निगा राखावी लागते हे खरेच. पण जन्मवजन बदलता येत नाही, चढ बदलता येतो. स्तनपान, आजारपणातली काळजी, वेळेवर उपचार हे सगळे चढासाठीच असते. म्हणून एका दिवसाच्या वजनापेक्षा दर महिन्याचे वजन नियमित करणे महत्त्वाचे. आणि ही रेषाही पहिल्या काही महिन्यांपुरतीच सरळ आहे. पुढे वाढीचा वेग मंदावतो, तो नैसर्गिकच असतो. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांचा चढ वर्षभर लावून उगाच घाबरू नये.

वजनाचा तक्ता असो, विजेचे बिल असो, की साखरेच्या तपासण्यांची फाईल, कोणतीही रेषा पुढ्यात आली की तिला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. शून्यावर ती काय सांगते, आणि त्या शून्याला खरोखर काही अर्थ आहे का? एक पाऊल पुढे गेल्यावर किती बदल होतो, आणि तो कशाच्या मागे? मोजमाप कुठून कुठपर्यंत झाले आहे? ही रेषा एकाची आहे की अनेकांच्या सरासरीची? कोसंबींनी हेच प्रश्न धीर न सोडता, हजारो वेळा काट्यावर नाणे ठेवून विचारले. ज्या नाण्यांवर एक अक्षरही कोरलेले नव्हते, ती त्यामुळे बोलू लागली.